महिन्याला दीड मिलिमीटर

विल्यम बेनेट बीन नावाच्या एका अमेरिकन डॉक्टरनं १९४१ साली एक विचित्र उद्योग सुरू केला. डाव्या हाताच्या अंगठ्याच्या नखावर, अगदी मुळाशी, कानशीनं एक बारीक आडवी रेघ मारायची. नख वाढेल तशी रेघ पुढे सरकते. ती टोकाला कधी पोचली ते लिहून ठेवायचं. दर महिन्याला नवी रेघ, नवी नोंद. हे त्यांनी ३५ वर्षं केलं. सुरुवातीला त्यांचं वय होतं ३२, आणि नख दिवसाला ०.१२३ मिलिमीटर वाढत होतं. ६७व्या वर्षी तोच वेग ०.०९५वर आला होता. १९८० साली त्यांनी या ३५ वर्षांच्या नोंदी एका वैद्यकीय नियतकालिकात छापल्या.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. काही बिघडलं की आम्ही आधी लॉग उघडतो. सगळं नीट कधीपर्यंत चालू होतं, त्यानंतर काय बदललं, कोणत्या मिनिटाला. बीनसाहेबांनी तसाच लॉग स्वतःच्या अंगावर लिहिला होता. हे मी वाचलं तेव्हा माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख आठ महिन्यांपासून बिघडलेलं होतं, आणि ते कुणामुळे बिघडलं हे मला तारखेसकट हवं होतं. त्या शोधात जो इतिहास सापडला, तो इथे सांगते आहे.

एक खाच, एक डाग

डिसेंबरात मावसबहिणीचं लग्न होतं. त्याच्या दोन दिवस आधी पुण्यातल्या एका सलूनमध्ये पेडिक्युअर केलं. नखाच्या मुळाशी असलेली कातडी स्टीलच्या पट्टीनं जोरात मागे रेटली, बाहेरचा कोपरा खोलवर कापला, थोडं रक्त आलं. लग्न झालं. दोन महिन्यांनी नखावर मुळाशी एक आडवी खाच दिसायला लागली. एप्रिलमध्ये बाहेरच्या कोपऱ्यात पिवळा डाग आला. जुलैपर्यंत नखाचा तो भाग जाड, भुसभुशीत झाला होता आणि कापताना त्याचा चुरा पडत होता.

मधल्या काळात सल्ल्यांची कमतरता नव्हती. हळद, लिंबू, व्हिनेगर, टी-ट्री ऑइल, केमिस्टकडची दोन मलमं. दुखत नव्हतं, हीच पंचाईत. दुखत नसलेल्या गोष्टीसाठी सुट्टी कोण काढतं? पण आपल्याकडे कुणाच्याही घरी गेलं की चपला दाराबाहेर. नखावर गडद नेलपॉलिश लावून मी पाहुण्यांकडे जात होते आणि बसताना उजवा पाय डाव्या पायाखाली घेत होते.

ऑगस्टमध्ये त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी आधी नेलपॉलिश काढायला लावलं. मग नखाखालचा थोडा चुरा खरवडून काचपट्टीवर घेतला आणि त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला. नख ज्या केराटिनचं बनतं ते या द्रावणात विरघळतं, बुरशीचे धागे मात्र तसेच राहतात. सूक्ष्मदर्शकात मला दाखवलंही: फाटे फुटलेले, गाठी-गाठींचे पारदर्शक धागे. त्या म्हणाल्या, बिघडलेली नखं घेऊन येणाऱ्यांपैकी साधारण निम्म्यांनाच बुरशी असते. बाकीच्यांना सोरायसिस असतो, बुटाचा सततचा दाब असतो, आणखी काही असतं. म्हणून तपासल्याशिवाय गोळ्या द्यायच्या नाहीत. थोडा चुरा त्यांनी कल्चरला पाठवला. त्याच्या निकालाला चार आठवडे लागणार होते.

मी लॉगचा विषय काढला. पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढतं, हाताच्या नखाच्या निम्म्या वेगानं. माझी खाच तेव्हा मुळापासून अकरा मिलिमीटरवर होती. कातडीखाली लपलेला भाग धरला तर हिशोब बरोबर डिसेंबरात जात होता. म्हणजे खाच सलूनची, पुरावा पक्का.

"खाचेचा," डॉक्टर म्हणाल्या. "बुरशीचा नाही."

मग त्यांनी जे समजावलं त्यावर या लेखातलं पुढचं सगळं उभं आहे. नख मुळापासून टोकाकडे वाढतं. ही बुरशी बहुतेक वेळा टोकाकडून किंवा कडेनं नखाखाली शिरते आणि मुळाकडे सरकते. एकाच रस्त्यावर समोरासमोरून येणारे दोघं, आणि दोघंही अतिशय हळू. नखाचा वेग ठरलेला आहे, म्हणून खाचेची तारीख काढता येते. बुरशीचा वेग माणसागणिक, नखागणिक बदलतो. ती कित्येक महिने पायाच्या बोटांच्या बेचक्यात गुपचूप राहू शकते आणि नखाला इजा झाली की आत शिरते. सलूननं दार उघडलं असेल. आत आलेली बुरशी कुठली, हे नख सांगत नाही.

कुनखी

बिघडलेल्या नखाचा दोष कुणाला तरी देण्याची सवय फार जुनी आहे.

सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांच्या यादीत नखाचे दोन आजार येतात. एक 'चिप्प': नखाभोवतीचं मांस सुजतं, ठणकतं, पिकतं. मराठीत आपण ज्याला नखुरडं म्हणतो, ते बहुधा हेच. दुसरा 'कुनख': नख रुक्ष, काळं आणि खरखरीत होतं. त्याचं कारणही दिलं आहे, मार लागणं. म्हणजे वैद्यानं पाहिलं ते नख आणि त्याला झालेली इजा.

मनुस्मृतीत हाच शब्द वेगळ्या यादीत येतो. तिसऱ्या अध्यायात श्राद्धाला कुणाला बोलवू नये याची यादी आहे, त्यात कुनखी, म्हणजे खराब नखं असलेला माणूस आहे. अकराव्या अध्यायात कारणही सांगितलं आहे: सोनं चोरणाऱ्याची नखं खराब होतात. मागच्या जन्मीचं पाप या जन्मी नखांवर उमटतं. एकाच शब्दाकडे बघायच्या या दोन पद्धती. मी पाय लपवून बसत होते तेव्हा यातली कुठली पद्धत माझ्या डोक्यात होती, हे वेगळं सांगायला नको.

गावगाड्यात नखं काढणं हे न्हाव्याचं काम होतं. त्याच्या धोकटीत वस्तरा, कात्री आणि नखं काढायची नराणी असे. बलुतं ठरलेलं, घरं ठरलेली, आणि एकच नराणी सगळ्या घरांत फिरणारी. आज सलूनच्या ट्रॉलीवरच्या स्टीलच्या पट्ट्या पाहिल्या की मला ती धोकटी आठवते. हत्यार एकाच्या हातात आणि नखं पन्नास जणांची, ही रचना नवी नाही. त्या हत्यारावरून नक्की काय फिरतं, हे कळायला मात्र एकोणिसावं शतक यावं लागलं, आणि ते कळलं रेशमाच्या किड्यांमुळे.

रेशमाचे किडे ते माणसाचं नख

इटलीच्या उत्तरेला लोदी गावाजवळ अगोस्तिनो बास्सी नावाचा एक माणूस राहत होता. शिक्षण कायद्याचं, ओढा शेतीकडे. त्या भागातले रेशमाचे किडे एका रोगानं मरायचे आणि मेल्यावर त्यांच्यावर पांढरी पूड चढायची. बास्सीनं जवळपास २५ वर्षं या रोगाचा पिच्छा पुरवला आणि १८३५ साली जाहीर केलं की हा रोग एका जिवंत, सूक्ष्म बुरशीमुळे होतो आणि ती एका किड्याकडून दुसऱ्याकडे जाते. त्या बुरशीला आज त्याच्याच नावावरून ब्यूव्हेरिया बासियाना म्हणतात.

त्यापासून स्फूर्ती घेऊन झुरिचमध्ये योहान श्योनलाइन यांनी १८३९ साली डोक्याच्या एका चिवट रोगाच्या पिवळ्या खपल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या. आत बुरशी. बर्लिनमध्ये रोबेर्ट रेमाक यांना त्याच खपल्यांत असे धागे १८३७ मध्येच दिसले होते. पुढे त्यांनी तो रोग स्वतःच्या हातावर लावून घेतला आणि तो लागतो हे दाखवलं. ते ज्यू होते, आणि त्या काळच्या प्रशियात ज्यू माणसाला प्राध्यापकी मिळणं जवळजवळ अशक्य होतं. पॅरिसमध्ये हंगेरीहून आलेले डेव्हिड ग्रूबी, तेही ज्यू. त्यांनी १८४१ पासून पुढच्या तीन-चार वर्षांत नायट्याच्या वेगवेगळ्या प्रकारांमागच्या बुरश्या एकेक करून दाखवून दिल्या.

इथे मी थांबले, कारण शाळेत शिकलेला क्रम उलटा होता. रोगजंतू म्हटलं की आपल्याला रोबर्ट कॉख आठवतात. पण कॉख यांचं अँथ्रॅक्सवरचं काम १८७६ चं. ग्रूबी पॅरिसमध्ये नायट्याची बुरशी दाखवत होते तेव्हा कॉख नुकते जन्माला येत होते. माणसाचा आजार सूक्ष्म जिवामुळे होतो हे पहिल्यांदा नीट दिसलं ते बुरशीत, नायट्यासारख्या हलक्या समजल्या जाणाऱ्या आजारात.

नखाची पाळी १८५३ साली आली. जर्मनीतल्या गेओर्ग माइसनर या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं नखातली बुरशी वर्णन केली. पुढच्या वर्षी रुडॉल्फ फिरशो यांनी या आजाराला ओनिकोमायकोसिस हे नाव दिलं. माझ्या केसपेपरवर डॉक्टरांनी तेच लिहिलं होतं.

कारण सापडलं. उपाय मात्र पुढची शंभर वर्षं नव्हता.

अनवाणी पाय आणि बूट

माझा कल्चरचा निकाल आला त्यावर नाव होतं ट्रायकोफायटन रुब्रम. आज जगात पायाच्या नखांमध्ये सर्वांत जास्त सापडणारी बुरशी हीच. आणि तिचा प्रवास आपल्या बाजूच्या जगातून सुरू झालेला आहे.

तिचं वर्णन १९१० साली आल्दो कास्तेल्लानी यांनी केलं. हे इटालियन डॉक्टर तेव्हा कोलंबोत काम करत होते. इतिहासकारांचा बराच मान्य झालेला तर्क असा की ही बुरशी मुळात आग्नेय आशिया, पश्चिम आफ्रिका आणि आसपासच्या उष्ण प्रदेशांत होती. तिथल्या लोकांच्या अंगावर ती नायटा उठवायची, पण पायांना फारशी लागायची नाही, कारण पाय उघडे, वाऱ्यावर सुकलेले. मग बूट घातलेले लोक आले: सैनिक, अधिकारी, व्यापारी. बुटाच्या आत ओल, ऊब आणि अंधार, म्हणजे बुरशीला हवं ते सगळं. बुटांबरोबर ती युरोप-अमेरिकेत गेली. दोन महायुद्धं, बराकींतल्या सामाईक न्हाण्या, पोहण्याचे तलाव, जिम. अशी ही बुरशी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत घरोघरी पोचली.

बुरशी तीच होती. तिला पायांत जागा दिली ती आपल्या राहणीनं. हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे ऑफिसचे दहा तास, पावसात भिजलेले स्पोर्ट्स शूज आणि पीजीतलं सहा मुलींचं एक बाथरूम आलं. संशयितांची यादी सलूनपुरती राहिली नव्हती.

नखाच्या बाजूनं उभं राहणं

शंभर वर्षं डॉक्टर काय करत होते? जे दिसतं त्यावर हल्ला. नख उपटून काढायचे. मलमं चोपडायचे. लंडनच्या आर्थर व्हिटफिल्ड यांचं बेंझोइक आणि सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं मलम आजही मिळतं आणि कातडीवर चालतंही. पण नख म्हणजे मेलेल्या पेशींची घट्ट पाटी. मलम आत झिरपत नाही आणि त्या पाटीत रक्तवाहिन्या नसल्यामुळे शरीराची फौजही तिथे पोचत नाही. बुरशी आत बसून केराटिन खात राहते.

याच कुळातल्या बुरशीमुळे मुलांच्या डोक्यात नायटा होतो, त्यावर तर क्ष-किरण वापरले. पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयातल्या रेमोन साबूरो यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही पद्धत बसवली. किरणांनी केस गळायचे, त्यांच्याबरोबर बुरशी जायची. माझं कल्चर ज्या माध्यमावर वाढवलं त्याला आजही साबूरोंचंच नाव आहे, इतका हा माणूस मोठा. पण १९५० च्या आसपास इस्रायलमध्ये हजारो स्थलांतरित मुलांच्या डोक्यांवर हे किरण सोडले गेले, आणि त्यांच्यात मेंदूच्या गाठी आणि थायरॉइडचा कर्करोग जास्त आढळतो हे १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानं दाखवलं. जिवाला धोका नसलेल्या आजारावर जिवाला धोका असलेला उपाय.

खरा उपाय तेव्हाच कपाटात पडून होता. १९३९ साली लंडनमध्ये ऑक्सफर्ड, रेस्ट्रिक आणि सिमोनार्ट या तिघांनी पेनिसिलियमच्या एका जातीतून ग्रिसिओफल्विन नावाचं रसायन वेगळं केलं होतं. पेनिसिलिनसारखं ते जीवाणूंना मारत नव्हतं, म्हणून कुणी फार लक्ष दिलं नाही. पुढे इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात वेअरहॅम हीथ या माळावर पाइनची झाडं धड का वाढत नाहीत, याचा शोध घेणाऱ्या शास्त्रज्ञांना तिथल्या मातीत एक पदार्थ सापडला. तो लागला की बुरशीचे धागे वेडेवाकडे, पिळलेले वाढायचे. १९४६ साली त्यांनी ते छापलं. नंतर कळलं, हे तेच ग्रिसिओफल्विन. ते झाडांच्या रोगांवर वापरून पाहिलं गेलं. शेवटी १९५८ साली ग्लासगोच्या जेंटल्स यांनी नायटा झालेल्या गिनीपिगना ते तोंडावाटे दिलं आणि गिनीपिग बरे झाले. त्याच वर्षी माणसांवरचे निकाल येऊ लागले. शोध ते उपयोग, १९ वर्षं.

मला भावलं ते या औषधाचं काम करण्याचं तंत्र. ते जुन्या, बिघडलेल्या नखाला काहीच करत नाही. रक्तातून ते नखाच्या मुळाशी जातं आणि तिथे जे नवं केराटिन तयार होत असतं त्यात मिसळतं. नवं नख येतं तेच बुरशीला न पचणारं. मग ते आपल्या वेगानं पुढे सरकतं आणि जुनं, खाल्लेलं नख समोरून कापलं जातं. म्हणजे समोरासमोर चालत येणाऱ्या त्या दोघांत औषध नखाच्या बाजूनं उभं राहतं. जिंकायचं नखानंच. बिघडलेलं नख कधीच बरं होत नाही. ते निघून जातं आणि त्याच्या जागी दुसरं येतं.

ग्रिसिओफल्विनची अडचण ही की ते बुरशीला मारत नाही, नुसतं थोपवतं. त्यामुळे पायाच्या नखांसाठी वर्ष-दीड वर्ष गोळ्या, आणि तरी आजार परत येण्याची शक्यता. १९९१ साली ब्रिटनमध्ये टर्बिनाफिन आलं, अमेरिकेत त्याच्या गोळ्या १९९६ मध्ये. ते बुरशीच्या पेशीचं आवरण बनवणारी साखळीच तोडतं, त्यामुळे बुरशी मरते. शिवाय ते नखात साठून राहतं, गोळ्या थांबल्यावरही. म्हणून पायाच्या नखांना १२ आठवडे पुरतात.

पण अमेरिकेत मंजुरीच्या वेळी दिलेले आकडे पाहा. ४८ आठवड्यांनी ७० टक्के रुग्णांच्या नखात बुरशी सापडली नाही. नख पूर्ण स्वच्छही झालेलं असे फक्त ३८ टक्के. या फरकात बराचसा हिस्सा नखाच्या वेगाचा आहे. बुरशी गेली तरी नवं नख टोकापर्यंत पोचायला वर्ष ते दीड वर्ष लागतं. जगातलं कुठलंही औषध तो वेग वाढवून देत नाही. लोक तिसऱ्या महिन्यात नखाकडे बघतात, काही फरक नाही म्हणतात आणि नवा डॉक्टर शोधतात.

पाय भिजवायची टाकी

सलूनचं काय, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. सलून निर्दोष असतात असं मी म्हणत नाही. २००० साली उत्तर कॅलिफोर्नियातल्या एका नेल सलूनच्या शंभरावर गिऱ्हाइकांच्या पायांवर महिनोन्महिने न भरणाऱ्या गाठी उठल्या. तपास झाला तेव्हा पाय भिजवायच्या, पाणी घुसळणाऱ्या टाक्यांच्या जाळीमागे केस आणि कातडीचा गाळ साचलेला मिळाला, आणि त्यात क्षयाच्या जंतूच्या कुळातला मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम. ज्यांनी आधी पायांचे केस वस्तऱ्यानं काढले होते त्यांना धोका जास्त होता, कारण दारं उघडी होती. त्यानंतर कॅलिफोर्नियात अशा टाक्या कशा आणि किती वेळा धुवायच्या याचे नियम झाले.

गोळ्या सुरू झाल्यावर मी माझ्या सलूनमध्ये गेले. त्यांना सांगायला हवं होतं. हत्यारं कशी धुता विचारलं. मॅनेजरनं निळ्या दिव्याची पेटी दाखवली. तो दिवा फक्त ज्या पृष्ठभागावर पडतो तिथे काम करतो. बिजागरीत आणि घाणीखाली तो पोचत नाही. आधी घासून धुणं आणि मग दाबाखालची वाफ, म्हणजे ऑटोक्लेव्ह, हा त्याचा पक्का उपाय, आणि तो खर्चिक आहे.

डिसेंबरात माझं पेडिक्युअर केलेली मुलगी शेजारी उभी होती. मॅनेजर फोनवर गेल्यावर तिनं हात पुढे केला. तीन बोटांची नखं कडेनं सुजलेली, मुळाशी कातडी सुटलेली. नखुरडं, पण जुनं, मुरलेलं. दिवसभर हात साबणाच्या पाण्यात असलेल्यांना हे होतं. ओलीनं नखाची मुळाशी असलेली कातडी सुटते आणि त्या फटीत कँडिडासारखं यीस्ट आणि जंतू घर करतात. भांडी घासणाऱ्या बायका, मासे साफ करणाऱ्या, हॉटेलातले पोरं, सलूनवाल्या.

"ताई, तुमच्या डॉक्टरनं काय दिलं? मलाही चालेल का?"

नाही चालणार, मी म्हणाले. तुझा आजार वेगळा आहे. हात कोरडे ठेवायचे, आतून सुती आणि वरून रबरी हातमोजे घालायचे. हातमोजे कोण देणार, हे तिनं विचारलं नाही आणि मीही सांगू शकले नाही. डॉक्टरांचा पत्ता दिला. बाहेर येऊन मॅनेजरला हातमोज्यांबद्दल सांगितलं. तो "बघतो" म्हणाला.

घरात अजून कुणाला आहे?

पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी एक प्रश्न विचारला होता, जो मी लॉगच्या नादात अर्धवट ऐकला होता: "घरात अजून कुणाची नखं अशी आहेत?"

गणपतीत घरी गेले तेव्हा बाबांच्या पायांकडे पाहिलं. दोन्ही अंगठे, शिवाय डाव्या पायाची दोन बोटं. पिवळी, जाड, वाकलेली. माझ्या आठवणीत ती तशीच आहेत. बाबा साखर कारखान्यात फिटर होते. गळीत हंगामात वाफेत, ओलीत बारा-बारा तास सेफ्टी शूज. "वयानं होतं गं असं," ते म्हणाले. आई म्हणाली, "कमरेचा नायटा पण दाखवा तिला."

कमरेला लालसर कडं होतं, दोन वर्षांचं. त्यासाठी केमिस्टकडून आणलेली एक ट्यूब होती. लावली की आठवड्यात खाज थांबायची, सोडली की दुप्पट पसरायचं. ट्यूबवर तीन औषधांची नावं होती: बुरशीवरचं एक, जीवाणूंवरचं एक आणि एक जोरदार स्टेरॉइड. स्टेरॉइड लालसरपणा आणि खाज दाबतं, पण कातडीची प्रतिकारशक्तीही दाबतं, आणि बुरशी आतल्या आत वाढते.

ही आपल्या इतिहासाची ताजी पानं आहेत. गेल्या दहा-बारा वर्षांत भारतात न बरा होणारा नायटा साथीसारखा पसरला, आणि अशा मिश्र ट्यूबा त्यामागचं एक कारण मानल्या जातात. २०१८ साली केंद्र सरकारनं बरीच स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी एका भारतीय आणि एका नेपाळी रुग्णाच्या कातडीतून मिळालेल्या बुरशीला नवं नाव दिलं, ट्रायकोफायटन इंडोटिनी. हिच्या अनेक वाणांवर टर्बिनाफिन चालत नाही. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये तिचे पहिले दोन अमेरिकन रुग्ण नोंदले गेले. शंभर वर्षांपूर्वी रुब्रम बुटांतून जगभर गेली, आता ही विमानातून जाते आहे. ती मुख्यतः कातडीवर असते, नखात क्वचित. तरी बाबांचा नायटा पाहून डॉक्टरांना पहिली शंका तिचीच आली.

बाबांचा कल्चरचा निकाल चार आठवड्यांनी आला. कंबर आणि नख, दोन्हीकडे रुब्रम. टर्बिनाफिन चालेल, म्हणून आम्ही सुटकेचा श्वास सोडला. माझ्यातही रुब्रमच. पण ही जगात सर्वांत जास्त आढळणारी जात आहे. त्यामुळे माझी बाबांकडून आली, पीजीच्या बाथरूममधून आली की सलूनच्या पट्टीवरून, हे यावरून सिद्ध होत नाही. एकाच कुटुंबात ती बऱ्याचदा आढळते, आणि तिला बळी पडण्याचा कलही वारशानं येतो असं दिसतं, एवढं डॉक्टर म्हणाल्या.

मग त्यांनी विचारलं, "त्यांना शुगर आहे?"

आहे, नऊ वर्षं. पायाची संवेदना तपासली तर डाव्या तळव्यावर दोन ठिकाणी त्यांना स्पर्श कळला नाही. जाड, वाकलेलं नख शेजारच्या बोटात रुततं. मधुमेहात ती जखम कळत नाही, त्यातून जीवाणू शिरतात, आणि तिथून पाय कापण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. माझ्या बाबतीत जो लाजेचा विषय होता तो बाबांच्या बाबतीत पायाचा विषय होता. लहानपणापासून ती नखं घरात सगळ्यांसमोर होती. ती पाहायला कुणी सांगितलं नव्हतं, कारण ती दुखत नव्हती.

यकृताची तपासणी झाली, बाबांच्या बाकीच्या गोळ्यांशी मेळ पाहिला आणि सप्टेंबरअखेर १२ आठवड्यांचा कोर्स सुरू झाला. स्टेरॉइडची ट्यूब गेली. बूट उन्हात, मोजे रोज धुतलेले, प्रत्येकाचं नेलकटर वेगळं. रोज रात्री आई चष्मा लावून त्यांचे तळवे बघते.

आता जून आहे. माझं नवं नख टोकापासून चार मिलिमीटरवर आलं आहे. बाबांच्या नखाचा वेग महिन्याला एक मिलिमीटर पडतो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते पट्टी घेऊन मोजतात आणि कारखान्याच्या जुन्या डायरीत लिहितात. मागच्या वेळी म्हणाले, "मशीन असतं तर केव्हाच पार्ट बदलून मोकळा झालो असतो." मी म्हटलं, पार्टच बदलतोय बाबा, फक्त पुढच्या वर्षीच्या मार्चपर्यंत.